बाजारभावांचा सरवा

विद्यार्थिमित्रांनो, ज्वारीची कापणी होऊन कणसे खळ्यावर गेली, की शेतात इकडेतिकडे चुकार कणसे पडून राहतात. ती वेचण्याला सरवा वेचणे म्हणतात, हे तुमच्यापैकी खेड्यातल्या मुलांना तरी सांगायला नको. सरवा कोणी मुद्दाम पेरलेला नसतो. पण नेटाने वेचणाऱ्याच्या ओटीत त्यातून दोन वेळचे धान्य पडते.

आज इंटरनेटच्या जाळ्यावर माणसांच्या व्यवहारांचा असाच सरवा पडलेला आहे. बाजार समितीतील रोजचे भाव, धरणांतील पाणीसाठा, निवडणुकीतील मतदान केंद्रवार आकडे, जुन्या वर्तमानपत्रांचे अंक हे सगळे आज पडद्यावर दिसते. ज्याने ते नोंदले, त्याचा हेतू समाजाचा अभ्यास करण्याचा नव्हता. भाव लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवसाचा भाव लिहायचा होता, एवढेच. परंतु अशा लाखो नोंदी एकत्र करून, गणकयंत्राच्या साहाय्याने त्यांतून समाजाविषयी काही शिकता येते काय, हे पाहणारी एक शाखा गेल्या पंचवीसएक वर्षांत चांगलीच फोफावली आहे. तिला संगणकीय समाजविज्ञान म्हणतात. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. समाजविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण मोजमाप आणि त्यातील चुका हा तर आमचा रोजचा धंदा आहे, आणि या शाखेत निम्मे काम तेवढेच असते.

समाजाची माहिती मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे घरोघर जाऊन विचारणे. जनगणना हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. २०११ च्या जनगणनेत आपल्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ भरली. पण अशी गणना रोज करता येत नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवण्यात आला. मधल्या काळात समाज काही थांबून राहत नाही. म्हणूनच अभ्यासकांचे लक्ष रोज पडणाऱ्या या सरव्याकडे वळले.

आपण वर्धेकर. तेव्हा उदाहरण कापसाचेच घेऊ.

केंद्र शासनाचे ‘अ‍ॅगमार्कनेट’ हे संकेतस्थळ २००० साली सुरू झाले. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाचेही संकेतस्थळ आहे. तेथे हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी, सिंदी (सेलू), समुद्रपूर अशा बाजार समित्यांची नावे निवडली की एक तक्ता उघडतो. तारीख, शेतमाल, आवक आणि तीन भाव: कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण. हा तक्ता कोणालाही विनामूल्य पाहता येतो. शाळेच्या संगणकावर तो उतरवून घ्या. दोन-तीन बाजारांचे चार-पाच हंगाम घेतले, तरी काही हजार ओळी होतात. हाताने हे काम करायला महिना लागेल. गणकयंत्र ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते. अर्थात त्याला नेमके काय करायचे हे आपण सांगितले तरच.

येथे माझीच एक फजिती सांगतो. एका बाजारातील आवक मी एका संकेतस्थळावरून घेतली आणि दुसऱ्या बाजारातील दुसऱ्या संकेतस्थळावरून. आलेख काढला, तर एका बाजारात दुसऱ्याच्या दहापट कापूस! त्याची कारणे काय असावीत, यावर मी वर्गात दहा मिनिटे बोललोही. नंतर ध्यानात आले, की एक तक्ता टनांत होता आणि दुसरा क्विंटलमध्ये. एकक न पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी दरवर्षी कापतो. त्या दिवशी माझे कोणी कापायचे?

तेव्हा पहिले काम म्हणजे पाखडणी. ७,००० च्या ठिकाणी ७०० लिहिले गेले आहे काय, कमीत कमी भाव जास्तीत जास्तपेक्षा मोठा तर नाही ना, सुटीच्या दिवशी शून्य भाव पडला आहे काय, हे तपासायला गणकयंत्राला सांगावे. पण पाखडताना सुपातले दाणेही उडून जाऊ नयेत! विचित्र दिसणारा प्रत्येक आकडा चुकीचा असतोच असे नाही. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता, आणि २०२२ च्या सुरुवातीला विदर्भातील बाजारांत कापूस १०,००० रुपयांच्या वर गेला. ज्याने ‘एवढा भाव असूच शकत नाही’ म्हणून त्या ओळी खोडल्या असतील, त्याने त्या हंगामाचा सारा इतिहासच खोडला.

ही चूक करण्याचा मोह मोठमोठ्यांना होतो. फ्रान्समध्ये लुई बाशेलिए याने १९०० साली आपल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली, की बाजारातील भाव हे दारू प्यालेल्या माणसाच्या चालीसारखे असतात. पुढचे पाऊल कोणीकडे पडेल याचा नेम नाही, पण पावले साधारण सारख्या मापाची. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण असेच हेलकावतात, आणि त्याचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये केले. या कल्पनेप्रमाणे रोजच्या चढउतारांचा आलेख घंटेच्या आकाराचा यायला हवा. मध्ये फुगीर, कडांना झपाट्याने निमुळता. तसे असेल, तर नेहमीच्या चढउताराच्या (प्रमाण विचलनाच्या) पाचपट उडी सुमारे साडेसतरा लाख दिवसांत एकदा पडेल. वर्षात ३०० दिवस बाजार भरतो असे धरले, तर सुमारे ५,८०० वर्षांत एकदा. मग बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने अमेरिकेतील कापसाचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे भाव घेऊन गणकयंत्रावर तपासले आणि १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: मोठ्या उड्या घंटेच्या आकाराला शोभणार नाहीत इतक्या वारंवार पडतात. भावांच्या गणितातील एवढी मोठी सुधारणा कापसावरून सुचावी, याचे आपल्याकडच्या कोणाही माणसाला नवल वाटणार नाही. एका उडीत वर्षाचा हिशेब बदलतो, हे कापूसवाल्यांच्या घरात पोरासोरांनाही माहीत असते.

आता दोन बाजारांची तुलना करू. हिंगणघाट आणि वर्धा यांत वाहनाने तासाभराचे अंतर. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या कापसाच्या भावात या दोन ठिकाणी फरक किती असावा? तर्क सरळ आहे. फरक वाहतुकीच्या खर्चाहून जास्त झाला, तर लोक गाडी तिकडे वळवतील. तिकडे माल वाढून भाव उतरेल, इकडे चढेल. दोन भांडी नळीने जोडली की पाण्याची पातळी सारखी होते, तसेच. पण नळी असून भागत नाही, ती मोकळी हवी. दुसरीकडचा भाव काय आहे हे कळलेच नाही, तर गाडी वळणार कशी?

याचा एक सुंदर पुरावा कापसानेच दिला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्याकडच्या कापसाकडे वळली. ‘हिंगणघाट’ या नावाचा कापूस परदेशी पेठांतही ओळखला जाऊ लागला, तो त्या शतकातच. युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, अटलांटिक समुद्राच्या तळातून तारायंत्राची तार कायमची चालू झाली. तोवर लिव्हरपूलचा भाव न्यूयॉर्कला कळायला आगबोटीने सुमारे दहा दिवस लागत. आता एका दिवसात कळू लागला. क्लाउडिया श्टाइनवेंडर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून रोजचे भाव, बोटींच्या बातम्या आणि निर्यातीचे आकडे वेचून काढले व गणकयंत्रावर त्यांचा मेळ घातला. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तार येण्यापूर्वी दोन्हीकडच्या भावांत मोठी आणि लहरी तफावत होती. तार आल्यावर ती घटली, आणि निर्यातही सरासरीने वाढली. दीडशे वर्षांपूर्वी वाचून फेकून दिलेल्या अंकांमधला हा सरवा!

आपल्या तक्त्यातही हीच तफावत काढता येते. दर दिवशी हिंगणघाटच्या सर्वसाधारण भावातून वर्ध्याचा भाव वजा करायचा आणि आलेख काढायचा. मात्र जुन्या काळाकडे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक २००२ नंतर मिळाली. त्या तीस वर्षांत भाव शासन ठरवी, त्यामुळे दोन बाजारांतील फरकावरून फारसे काही शिकता येत नाही. तफावत दिसली तरी लगेच ‘लूट’ हा शब्द उच्चारू नका. दिवाळीच्या आधी वेचलेला कापूस ओलसर असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावरही ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण भाव मिळतो. त्यावर कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल घेतच नाहीत. एका बाजारात ओला आणि दुसऱ्यात वाळलेला माल आला असेल, तर भावातील फरक हा पाण्याचा फरक असेल. ओलाव्याचा रकाना आपल्या तक्त्यात नाही.

पुढचा प्रश्न अधिक मजेचा आहे. एका बाजाराचे पाहून दुसरा चालतो काय? नवशिका अभ्यासक दोन्ही बाजारांचे भाव घेतो, त्यांचा सहसंबंध काढतो, तो जवळजवळ १ येतो, आणि स्वारी खूश! पण जानेवारी ते मे या काळात वर्ध्याचा तापमापक आणि पुलगावचा तापमापक दोन्ही चढत जातात, म्हणून वर्ध्याचा तापमापक पुलगावच्याला चढवतो असे कोणी म्हणेल काय? दोघांनाही सूर्य तापवतो. कापसाच्या बाबतीत तो सूर्य म्हणजे रुईचा देशी-विदेशी भाव आणि सरकीचा भाव. म्हणून भाव न घेता भावातील रोजचा बदल घ्यायचा आणि एकाचा आजचा बदल दुसऱ्याच्या उद्याच्या बदलाशी ताडून पाहायचा. समजा, अ आणि आ या दोन बाजारांत पाच दिवसांचे बदल रुपयांत असे आहेत (आकडे केवळ समजण्यासाठी):

अ : +५०, −३०, ०, +८०, −४०
आ : ०, +५०, −३०, ०, +८०

त्याच दिवसाच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज करा. ती −४,७०० येते. म्हणजे दोघांचे चांगलेच वाकडे दिसते. आता आ ची ओळ एक घर मागे सरकवा, म्हणजे अ च्या पहिल्या दिवसासमोर आ चा दुसरा दिवस येईल. गुणाकारांची बेरीज २,५०० + ९०० + ० + ६,४०० = ९,८००. अ जे आज करतो, ते आ उद्या करतो! गणकयंत्र हीच सरकवासरकवी हजारो ओळींवर, एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस अशी करून पाहते. यात न समजण्यासारखे काही नाही.

मग अ हा पुढारी आणि आ हा त्याचा अनुयायी, असे म्हणायचे? थांबा. आ बाजारातील कारकून रोजचा भाव दुसऱ्या दिवशी सकाळी भरत असेल आणि तक्त्यात भरल्याची तारीख पडत असेल, तर? तेव्हा एक दिवसाचा उशीर बाजाराचा नसून लेखणीचा आहे. हे गणकयंत्राला कळण्याचा मार्ग नाही. बाजार समितीत जाऊन विचारावे लागते. आणि नीट विचारले तर लोक सांगतातही, असा माझा अनुभव आहे.

आता हंगामाचा सरासरी भाव काढू. हे सर्वांत सोपे काम, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. समजा, एका बाजारात नोव्हेंबरमध्ये १,००० क्विंटल कापूस ६,८०० रुपयांनी विकला गेला आणि मे महिन्यात १०० क्विंटल ७,८०० रुपयांनी. दोन भावांची सरासरी ७,३०० रुपये. वर्तमानपत्रात हा आकडा छापून येईल. पण आवकेचे वजन धरून काढले, तर ७५,८०,००० भागिले १,१००, म्हणजे सुमारे ६,८९१ रुपये. क्विंटलमागे ४०९ रुपयांचा फरक! पहिला आकडा बाजाराची सरासरी सांगतो, दुसरा कापसाची. शेतकऱ्याच्या हातात काय पडले हे विचारायचे असेल, तर दुसराच घ्यायला हवा.

हे गणित मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवत होतो. ‘नोव्हेंबरमध्ये कोण विकतो आणि मेपर्यंत कोण थांबतो?’ असे मी विचारले. मुलांनी पटापट उत्तरे दिली. ज्याला उधारी फेडायची, मजुरांची वेचणी द्यायची, तो आधी विकतो. ज्याच्या घरात जागा आहे आणि खर्चाला दुसरा पैसा आहे, तो थांबतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘सर, आमचा कापूस तुमच्या तक्त्यात कुठेच नाही,’ ती म्हणाली. तिच्या घरचा पंधरा-वीस क्विंटल कापूस. तो दरवर्षी अंगणातच, गावात गाडी घेऊन येणाऱ्या खरेदीदाराला विकला जातो. बाजारापर्यंतचे भाडे परवडत नाही आणि पैसे त्याच दिवशी हवे असतात. या खेडा खरेदीचा भाव ना बाजार समितीच्या वहीत, ना कोणत्या संकेतस्थळावर. वर्गात आणखी कोणाचा कापूस असा विकला जातो म्हणून विचारले, तर बरेच हात वर झाले. माझ्या फळ्यावरचे ६,८९१ हे उत्तर गणिताने बरोबर होते. पण ते त्या मुलांच्या घरांविषयी काहीच सांगत नव्हते. तास संपेपर्यंत मला पुढे काही बोलता आले नाही.

मित्रांनो, सरव्याचा हा मोठा दोष आहे. तो जेथे पीक उभे होते तेथेच पडतो. जे जाळ्यात आले तेवढेच आपल्याला दिसते, आणि जे आले नाहीत ते बहुधा एकाच बाजूचे असतात: कमी जमिनीचे, आडगावचे, हातात मोबाईल नसलेले. तक्ता दहापट मोठा केला, तरी हा दोष कमी होत नाही. वाकडी मोजपट्टी शंभर वेळा लावली म्हणून लांबी बरोबर येत नाही, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर आपल्या शेतातील पिकाची नोंद करायची. २०२५ मध्ये हमीभावाने कापूस विकण्यासाठी कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी आवश्यक झाली. अभ्यासकाच्या दृष्टीने हे मोठे घबाड आहे, यात शंका नाही. पण मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याचे शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. पेरणी त्याची, वेचणी त्याची, आणि नोंद मालकाची! उद्या कोणी या नोंदींवरून ‘वर्धा जिल्ह्यात कापूस कोण पिकवतो’ याचा नकाशा काढला, तर त्यात हा माणूस नसेल. आणि त्या नकाशावरून मदत वाटली गेली तर?

यावर उपाय नवा नाही, आणि तो आपल्या जिल्ह्याला अपरिचितही नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याची धुरा वाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्यापूर्वी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली होती. तिचा वृत्तान्त १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचेही ते अध्यक्ष होते. या पाहण्यांत गणकयंत्र नव्हते. गावात जाऊन विचारणारी मुले होती. आजचा चांगला अभ्यासक दोन्ही करतो. जाळ्यावरच्या हजारो ओळी गणकयंत्राकडे देतो, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पन्नास-साठ घरी स्वतः जातो. चिठ्ठ्या टाकूनच, ओळखीच्या घरी गेलात तर पुन्हा तीच वाकडी मोजपट्टी.

आणखी एक सांगायचे राहिले. सातबारा उतारे आज जाळ्यावर पाहता येतात. म्हणून गावात कोणाची किती जमीन आणि कोणावर किती बोजा याची नावानिशी यादी करून वर्गात वाचू नका. माहिती उघडी आहे म्हणून माणूस उघडा पडावा असे नाही. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, आणि कोणत्या क्रमांकाचे घर कोणाचे याचा कागद शिक्षकांच्या कुलपात राहावा. घरच्या माणसाने ‘नको’ म्हटले तर ते घर सोडावे, आणि किती घरांनी ‘नको’ म्हटले तो आकडा मात्र लिहावा.

त्या मुलीच्या सूचनेवरून आम्ही पुढे एक साधा उद्योग सुरू केला, तो तुम्हीही करू शकाल. कापसाच्या विक्रीच्या पट्ट्या बहुतेक घरांत फडताळात किंवा पंचांगाच्या पानांत खोचून ठेवलेल्या सापडतात. अंगणात विकलेल्या कापसाची कधी पट्टी असते, कधी आईने वहीत टिपलेला आकडा असतो. विक्रीची तारीख, वजन आणि भाव एवढेच उतरवून घ्यायचे. मग त्या तारखेचा जवळच्या बाजारातील सर्वसाधारण भाव तक्त्यातून काढायचा आणि दोहोंतील फरक तिसऱ्या रकान्यात लिहायचा. फरकातून गाडीभाडे, हमाली आणि मापाई वजा करून काय उरते, ते चौथ्या रकान्यात. ओलाव्यासाठी पाचवा रकाना कोराच ठेवा. विचारल्यावर ‘तेव्हा पाऊस झाला होता’ असे कोणी सांगितले, तर तेच त्यात लिहा.